टाच नव्हे, अंगठा: बॅले शिकणाऱ्या एका बँक अधिकाऱ्याचं प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळची शेवटची वेळ घेऊन त्या आल्या. वय ४१, बँकेत अधिकारी, दिवसातले आठ तास खुर्चीत. पायात सपाट कोल्हापुरी, आणि उजवं पाऊल टेकवताना जरा जपून. तक्रार एकाच शब्दाची: टाच.

"चालताना दुखते?"

"चालताना नाही एवढी. नाचलो की दुखते."

"काय नाचता? भरतनाट्यम?"

"ते दहावीपर्यंत केलं. आता बॅले करतो, मॅडम."

(कोल्हापुरात बायकाही ‘करतो, जातो, आलो’ असंच बोलतात. या बाईंना बॅले शिकवायला पुण्याहून येणाऱ्या शिक्षिकेला याची अजून गंमत वाटते.)

राजारामपुरीत फिजिओथेरपीचा दवाखाना चालवायला लागून मला सोळा वर्षं झाली. पेठांच्या फुटबॉलवाल्यांचे घोटे, तालमीतल्या पोरांचे खांदे आणि रंकाळ्यावर फेऱ्या मारणाऱ्यांचे गुडघे, यांतच दिवस जातो. चाळिशीत बॅले सुरू केलेलं माणूस पहिल्यांदाच समोर बसलं होतं. ही नोंद त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, पायाचे आहेत तसेच ठेवलेत. माझी चूकही ठेवली आहे.

तीन आठवडे वाया

चूक अशी. मी टाचेचा आतला कोपरा दाबला, दुखलं. अंगठा वर ओढला, दुखलं. सकाळी पाय आखडतो का विचारलं, ‘थोडा’ म्हणाल्या. खुर्चीतलं काम, सपाट चप्पल, चाळिशी. तळव्याच्या पडद्याचं दुखणं, म्हणजे प्लांटर फॅसायटिस, असं निदान दहा मिनिटांत करून मी मोकळी झाले. गार पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवणं, पोटरीचे ताण, टाचेखाली मऊ गादी, आणि जाता जाता एक वाक्य: "नाच थोडा कमी करा."

हे वाक्य आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. डब्यातलं मीठ थोडं कमी करा म्हणावं तसं. किती होतं ते विचारलं नाही, तर कमी म्हणजे किती हे त्यांनी कसं ठरवायचं? त्यांनी आपल्या मनानं एक क्लास सोडला आणि त्याची भरपाई म्हणून घरी सराव वाढवला.

तीन आठवड्यांनी दुखणं तिथंच. उलट आता त्या म्हणाल्या, "कळ टाचेत नाही मॅडम, इथून येते," आणि बोट ठेवलं ते घोट्याच्या आतल्या हाडामागच्या खोबणीत. शिवाय, "अंगठा हलवला की आत काहीतरी टक् करतं." हे दोन्ही त्यांनी पहिल्या दिवशीही सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं. तळव्याच्या पडद्याचं दुखणं सकाळच्या पहिल्या पावलांना सगळ्यात जास्त असतं आणि चालल्यावर सैल होतं. यांचं नेमकं उलटं होतं. सकाळी जरा आखडलेलं, आणि क्लास संपता संपता ठणका.

मग शांतपणे पाय हातात घेतला. पाऊल खाली झुकवलं, बोटं लांब, आणि अंगठा वर उचलून पाहिला: सहज गेला, साठ अंशांच्या पुढं. आता पाऊल नडगीकडं वर वळवलं आणि तोच अंगठा उचलला. वीस अंशांवर अडला. अजून रेटला तसा घोट्यामागं ठेवलेल्या माझ्या बोटाखाली काहीतरी सरकून टक् झालं आणि बाईंनी टेबलाची कड धरली.

विहिरीच्या रहाटाचं चाक गंजलं की दोर कसा मध्येच अडकतो आणि झटक्यानं सुटतो, तसं. दोर म्हणजे इथं अंगठा वाकवणारी लांब कंडरा, फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगस. तिचा स्नायू पोटरीत, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मागं. तिथून कंडरा घोट्याच्या मागच्या अरुंद खोबणीतून वळते, टाचेच्या आतल्या कंगोऱ्याखालून तळव्यात शिरते आणि अंगठ्याच्या टोकाला जाऊन चिकटते. चालताना ती थोडीथोडकीच सरकते. बॅलेत मात्र गुडघे वाकवून खाली बसायचं, ते प्लिए. आणि तिथून थेट चवड्यावर चढायचं, ते रलेव्हे. म्हणजे दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वर पूर्ण वजन लटकलेलं, आणि हे पुन्हा पुन्हा. धावणाऱ्याला टाचेमागची शीर छळते, तशी बॅले करणाऱ्याला ही. अंगठा वर ओढल्यावर तळव्याचा पडदाही ताणला जातो आणि ही कंडराही. माझी पहिल्या दिवशीची फसगत त्यातूनच झाली.

यावर शिक्कामोर्तब करण्याआधी दोन गोष्टी वगळायच्या होत्या. पहिली, हाडाला बारीक चीर. बॅलेवाल्यांत ती बहुधा दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाच्या बुडाशी जाते. तिथं एका बोटानं दाबलं की नेमका एकच ठिपका दुखतो, एका पायावर उडी मारवत नाही, आणि पुढं पुढं रात्री पडल्या पडल्याही ठणकतं. असं असेल तर व्यायाम बंद करून अस्थिरोगतज्ज्ञाकडं पाठवायचं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून ‘एक्स-रेत काही नाही’ एवढ्यावर निर्धास्त व्हायचं नसतं; एमआरआय लागतो. दुसरी, घोट्याच्या मागं हाडाचा एखादा जादा तुकडा चिमटला जाणं. त्यात पाऊल जोरानं खाली झुकवलं की मागं कळ येते. यांच्यात दोन्ही नव्हतं. सोनोग्राफीत कंडरेभोवतीच्या आवरणात पाणी दिसलं, कंडरा फाटलेली नव्हती.

हॉलमध्ये

निदान झालं, पण कंडरा का चिडली ते दवाखान्यात बसून कळणार नव्हतं. त्या शनिवारी मी क्लासला गेले.

दुकानांच्या वर भाड्यानं घेतलेला हॉल. एका भिंतीला आरसा, लोखंडी पाइपचे दोन बार, आणि खाली चकचकीत पांढऱ्या टाइल्स, थेट काँक्रीटवर. नऊ बायका आणि एक निवृत्त प्राध्यापक. सगळे तिशीच्या पुढचे.

बार धरून पहिली स्थिती घेतली: टाचा जुळलेल्या, चवडे दोन दिशांना. मी खाली वाकून बघितलं. माझ्या रुग्णाची पावलं जवळजवळ एका रेषेत होती. आरशात ते झकास दिसत होतं. पण गुडघ्याच्या वाट्या समोर बघत होत्या आणि पायाची बोटं भिंतींकडं. तळव्याची कमान आत कोसळलेली. आणि बोटांनी टाइल घट्ट पकडलेली, इतकी की पातळ कॅनव्हासच्या बुटातून सांध्यांचे उंचवटे दिसत होते. सुटू पाहणारी पावलं जागेवर धरून ठेवायला बोटांशिवाय दुसरं होतंच काय? एकही रलेव्हे झाली नव्हती, आणि अंगठ्याची कंडरा कामाला लागली होती.

मी वर्तमानपत्र मागवलं. त्यावर त्यांना तसंच उभं केलं, पावलांभोवती पेन्सिल फिरवली आणि कोन मोजला: १५५ अंश. मग बाकावर पालथं झोपवून खुबा बाहेर किती वळतो ते मोजलं. उजवा ४२, डावा ४०. नडगीच्या हाडाला मुळातच पीळ असतो, त्याचे दर पायाला पंधरा ते वीस धरू. सगळी बेरीज जेमतेम १२० होते. उरलेले ३५ अंश कुठून आले? गुडघ्याच्या आतल्या बाजूवरून आणि कोसळलेल्या कमानीतून. उधारीवर.

"भरतनाट्यम केलंय, मला वाटलं टर्नआउट येतोच," त्या म्हणाल्या. टर्नआउट म्हणजे पाय असे बाहेर वळवणं. अरैमंडी, भरतनाट्यममधली अर्धी बैठक, येत होतीच. पण अरैमंडीत गुडघे वाकलेले असतात आणि तळवा पूर्ण टेकून आघात करायचा असतो. इथं गुडघे सरळ आणि टाचा जुळवायच्या. वाकलेल्या गुडघ्यात खुब्याला जरा ढील मिळते, सरळ गुडघ्यात ती जाते. जुनं ज्ञान उपयोगी पडलं आणि त्यानंच चकवलं.

शिक्षिका कळवळून म्हणाल्या, "मी रोज सांगते, खुब्यातून फिरवा, पायातून नको." खरंच सांगत होत्या, माझ्यासमोर तीनदा सांगितलं. पण आरसा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं बोलत होता. आणि तिथं भिंतीवर लावलेल्या फोटोतल्या नर्तिका बहुधा आठ-दहा वर्षांच्या असताना निवडल्या गेलेल्या असतात. सेंट पीटर्सबर्गच्या वागानोवा अकादमीत मुलं साधारण दहाव्या वर्षी शिरतात आणि आठेक वर्षं रोज हेच करतात. आत घेण्याआधी त्यांचे खुबे तपासले जातात. मांडीच्या हाडाचा पीळ बालपण संपेपर्यंत ठरून जातो. ४१व्या वर्षी स्नायूंची ताकद वाढवता येते, सांध्याची पकड सुधारता येते, हाड वळवता येत नाही. फोटोतल्या पायांशी आपले पाय जुळवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचं ब्लाउज घालून श्वास रोखणं.

वही

तरी माझं मत विचाराल तर ३५ अंशांनी एकट्यानं हा पाय दुखवला नसता. जूनपासून त्या तशाच उभ्या राहत होत्या, दुखलं नोव्हेंबरात. मधल्या काळात काय बदललं? मी त्यांना वही घेऊन बसवलं. बँकेतली बाई, हिशोबाला नाही कशी म्हणणार.

जून: आठवड्याला एक क्लास, एक तास. चवड्यावर चढणं साधारण पन्नास वेळा, उड्या शून्य. जुलैत पावसानं दोन आठवडे क्लासच झाला नाही. ऑगस्ट-सप्टेंबर: आठवड्याला ऐंशीच्या आसपास. मग दसरा झाला, जानेवारीच्या शेवटी कार्यक्रम करायचा ठरला, आणि आठवड्याला दीड-दीड तासाचे तीन क्लास सुरू झाले. रलेव्हे चारशेवर, शिवाय शंभर-सव्वाशे उड्या, टाइलवर. दिवाळीत त्यांनी ऑनलाइन पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहायचे कडक टोकाचे बूट, मागवले. हे मला पहिल्यांदाच कळलं. शिक्षिकेलाही माहीत नव्हतं. रोज रात्री भांडी झाली की स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून पंधरा मिनिटं अंगठ्यांच्या टोकांवर.

"मुलगी मोबाइलवर शूट करायची," त्या खाली बघत म्हणाल्या. व्हिडिओ पाहिला. मागं मिक्सर, कुकर, आणि पुढं त्या थरथरत्या पायांवर, चेहऱ्यावर असा आनंद की मला रागवता येईना. बूट अर्धा नंबर मोठा होता; पाऊल आत खाली घसरत होतं आणि सगळं वजन अंगठ्याच्या नखावर.

बेरीज केली: आठवड्याला सुमारे साडेसहाशे. पाच आठवड्यांत ऐंशीवरून साडेसहाशेवर. आठपट. त्यांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "एवढं कर्ज आम्ही कुणालाच देत नाही."

लोक वयाला दोष देतात. घरातल्यांनी दिलाच होता, ‘या वयात कशाला’ म्हणून. चाळिशीतली कंडरा विशीतल्यापेक्षा सावकाश सावरते हे खरं, पण ती ताकद कमावते, व्यवस्थित कमावते. तिचं काम वेळापत्रकानं चालतं. जोरदार व्यायामानंतर पहिला साधारण दीड दिवस तिच्यात मोडतोड बांधणीपेक्षा जास्त होते. बांधणीचं पारडं त्यानंतर जड होतं. म्हणून दिवसाआड. रोज रात्री ओट्याशी उभं राहणाऱ्या कंडरेच्या वाट्याला फक्त मोडतोडच येत होती. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, असा एक नियम सांगतात. त्यामागचा पुरावा फारसा भक्कम नाही, पण ज्यांनी कधी मोजलंच नाही त्यांना लगाम म्हणून बरा.

वहीच्या शेवटच्या पानावर मी जेवणाची वेळ लिहायला सांगितली होती. दुपारी एकला डबा, चारला चहा-बिस्किट, सातला क्लास, जेवण साडेनऊनंतर. सोमवार आणि गुरुवार उपास. नवरात्राचे नऊ दिवस तर, म्हणजे नेमका भार वाढायच्या तोंडावर, साबुदाणा आणि फळं. पाळी दोन महिन्यांपासून पुढं-मागं होत होती. या वयात त्याची इतर कारणंही असतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडं पाठवलं. तपासणीत हिमोग्लोबिन १०.६ निघालं, बाईमाणसाला १२च्या खाली म्हणजे पंडुरोग. खर्च जास्त आणि खाणं कमी असं बरेच दिवस चाललं तर हाडं, पाळी, दुरुस्ती सगळ्यालाच कात्री लागते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ साली याला खेळातली सापेक्ष ऊर्जातूट असं नाव दिलं. ते फक्त काटकुळ्या मुलींना होतं हा गैरसमज आहे. मी उपास सोडा म्हटलं नाही, म्हटलं असतं तर त्या परत आल्या नसत्या. क्लासचे वार बदलून घेतले, आणि क्लासच्या तासभर आधी केळं आणि शेंगदाण्याचा लाडू ठरवला. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या.

वस्तादांची माती

फरशीचं काय करायचं हे मला एका वस्तादांनी सुचवलं, त्यांना न कळत. त्यांच्या गुडघ्यासाठी ते दवाखान्यात आले होते. बोलता बोलता मी विचारलं, आखाड्याची माती रोज का उकरता? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला लाजच वाटली.

"बाई, पोरगं वरनं पडतंय. माती घट्ट ऱ्हायली तर हाड कुणाचं जाईल? मातीनं मार खायाचा, पोरानं न्हाई."

१९१२ साली शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभं केलं, त्याच्याही आधीपासून या गावात लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू कालवून ती मऊ राखायची रीत आहे. बॅलेसाठीची चांगली जमीन याच तत्त्वावर असते: खाली लवचीक आधार, त्यावर लाकूड, वर न घसरणारा विनाइलचा थर. उडी मारून खाली आल्यावरचा धक्का थोडा जमीन खाते. काँक्रीटवरची टाइल काहीच खात नाही, सगळं परत पाठवते. पेठेत असं शहाणपण शंभर वर्षं जुनं, आणि आपण दुसऱ्या मजल्यावर टाइलवर उड्या मारतो!

हॉलमालक फरशी बदलणार नव्हते. मग सगळ्यांनी वर्गणी काढली आणि शाहूपुरीतल्या एका सुताराकडून सुटं व्यासपीठ करून घेतलं. बारा मिलिमीटरच्या प्लायचे आठ बाय चारचे तक्ते, दोन थर, वरच्याचे सांधे खालच्यावर येणार नाहीत असे आडवे टाकून स्क्रूनं कसलेले. खाली फूटभर अंतरावर दाट फोमचे ठोकळे. वर विनाइल, कडा टेपनं चिकटवलेल्या. सुतारानं आधी खालचे ठोकळे लाकडाचेच लावले होते. "फोम दबतोय की ओ. ह्यावर नाचणार का मोटार लावणार?" दबायलाच हवा, हे पटवायला त्याला वर उभं करून उड्या मारायला लावाव्या लागल्या. मग हसत म्हणाला, "व्हय, बरं वाटतंय गुडघ्याला." फेब्रुवारीत ते व्यासपीठ आलं. ज्या दिवशी ते अंथरता येत नाही, त्या दिवशी उड्या नाहीत, एवढा एक नियम शिक्षिकेनं केला आणि अजून मोडलेला नाही.

पायाचं काम

पूर्ण विश्रांती मी दिली नाही. नुसत्या विश्रांतीनं कंडरा शांत होते आणि आणखी दुबळी होते. परत क्लासला गेलं की पुन्हा तेच. पण पहिले दोन आठवडे रलेव्हे आणि उड्या बंद, पॉइंट शूज माळ्यावर. बारचं हातांचं आणि धडाचं काम चालू.

पहिला व्यायाम बसून: खुर्चीत, मांडीवर तांदळाची दहा किलोची पिशवी, टाच अर्धी उचलून ४५ सेकंद धरायची. पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं. दुसरा व्यायाम म्हणजे खरं तर एक चाचणी होती आणि तीच सगळ्यात जास्त कामाला आली. त्यांच्याच बँकेचं व्हिजिटिंग कार्ड अंगठ्याच्या टोकाखाली सरकवायचं, पहिली स्थिती घ्यायची, प्लिए करायची, आणि कुणीतरी कार्ड ओढायचं. सुटलं तर पाय मोकळा आहे. अडकलं तर अंगठा फरशी धरतोय, म्हणजे कोन जास्त झालाय. पहिल्या दिवशी कार्ड फाटलं. कोन कमी करत करत ११० अंशांवर आलो तेव्हा ते अलगद सुटलं. शिक्षिकेनं तिथं जमिनीवर टेपच्या दोन पट्ट्या मारल्या. पुढच्या शनिवारी दहाही जणांच्या पट्ट्या मारल्या होत्या, प्रत्येकाच्या वेगळ्या. प्राध्यापकांच्या जेमतेम ८५, आणि ते त्यावर खूश होते.

खुब्यामागचे सहा छोटे स्नायू मांडी बाहेर फिरवतात. ते आठ तास खुर्चीत दबून बसलेले. त्यांच्यासाठी कुशीवर पडून गुडघा उघडण्याचे व्यायाम, पुढं रबरी पट्टा लावून. क्लासआधी थंड अंगानं पाच-पाच मिनिटं पाय फाकवून बसायची सगळ्यांना सवय होती, ती मी क्लासच्या शेवटी नेली. एक मिनिटाहून लांब ताणून धरलेला स्नायू काही वेळ जोर कमी लावतो. तो घेऊन लगेच उड्या मारायच्या नाहीत. सुरुवातीला दहा मिनिटं चालणं, पाय झुलवणं, हलक्या प्लिए.

तिसऱ्या आठवड्यापासून उभं राहून टाचा उचलणं: तीन आकड्यांत वर, तीन आकड्यांत खाली, दिवसाआड, आधी दोन्ही पायांवर, मग एका, मग पाठीवर सॅक घेऊन. सुरुवातीला भिंतीला बोटं टेकवून उजव्या पायावर नऊ झाले होते आणि दहाव्याला बोटं मुडपली, डाव्यावर सतरा. ध्येय २०-२५, बोटं न मुडपता.

किती दुखलेलं चालेल? दहापैकी तीनपर्यंत, करताना. पण खरी कसोटी दुसऱ्या दिवशीची, सकाळी उठून जिना उतरताना. कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर एक पायरी मागं. त्यांनी वहीत रोज सकाळी एक आकडा लिहिला. दुखतं म्हणून गोळी घेऊन क्लासला जायचं नाही, हेही ठरलं. डिसेंबरात त्यांनी पाच दिवस तसं केलं होतं. गोळीनं कंडरेची बोंब बंद होते, काम तेवढंच राहतं.

कार्यक्रमाचा प्रश्न अवघड होता. जानेवारीची ती तारीख आम्ही कामाला लागल्यापासून चौथ्या आठवड्यात येत होती. रद्द करू का, विचारताना त्यांचा आवाज बदलला. शिक्षिकेनं मार्ग काढला: त्यांचा भाग सपाट पावलांवर, हातांच्या रचनेत बसवला, उड्या शेजारणीला दिल्या. मी प्रेक्षकांत होते. घरचे सगळे आले होते, ‘या वयात कशाला’वालेही.

नवव्या आठवड्यात व्यासपीठावर पहिल्या उड्या: दोन्ही पायांवर, छोट्या, वीस. उतरताना टाच टेकली पाहिजे, आवाज कमी आला पाहिजे. दर आठवड्याला थोड्या वाढवत नेल्या. सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच एप्रिलात, चौदाव्या आठवड्यात, त्या लंगडत आल्या. वहीतले आकडे १, १, ०, १ आणि मग एकदम ५.

"क्लास जास्त झाला?"

"क्लास नाहीच झाला. यात्रा होती ना. जोतिबाला चालत गेलो."

अनवाणी, डोंगर चढून, उतरून. कंडरेला बॅले आणि जोतिबा वेगळे कळत नाहीत. दहा दिवस मागच्या पायरीवर गेलो, परत सावरलं. वहीत तेव्हापासून ‘इतर’ असा एक रकाना आहे. त्यात लग्नात उभं राहिलेले तास येतात, बँकेची वर्षअखेर येते, पन्हाळ्याची सहल येते.

शेवटची तपासणी ऑगस्टमध्ये झाली, बाहेर धो धो पाऊस. टाचा उचलणं उजव्या पायावर २३, डाव्यावर २४, बोटं सरळ. अंगठा आता पाऊल वर वळवूनही ४५ अंशांपर्यंत जातो, टक् नाही. आठवड्याला दोन क्लास, रलेव्हे तीनशेच्या आसपास, हिमोग्लोबिन १२.१. तपासून झाल्यावर त्यांनी पिशवीतून गुलाबी बुटांचा डबा काढून टेबलावर ठेवला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "घालणार नाही. फक्त विचारायला आणलेत."

मग मी विमानाची चाचणी घेतली: एका पायावर उभं राहून धड पुढं झुकवायचं, दुसरा पाय मागं, हात पंखांसारखे, उभ्या पायाचा गुडघा हळू वाकवत हात जमिनीकडं नेऊन परत वर, गुडघा आत न पडता. पाचपैकी चार नीट जमल्या तर पुढचं बोलू असा माझा हिशोब. त्यांच्या उजव्या पायावर तीन झाल्या. तिसऱ्यानंतर गुडघा आत गेला, त्यांना आरशाशिवाय कळला.

"दिवाळीनंतर परत बघू," मी म्हटलं. त्यांनी वहीत तारीख घातली, आणि पुढं कंसात लिहिलं: बूट अर्धा नंबर लहान मागवणे.